बाहेर उघडणारी दारं

आमच्या शाळेला काही दिवस दारंच नव्हती. चोरीला गेली नव्हती, मीच काढली होती. साहेब लोकांनी त्यावरून मला लई वेळा विचारलं आणि दर वेळेला मी एकच सांगितलं की हाव, मीच काढली. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलंय, तर त्यांनाही तेच सांगतो, जरा लांबवून.

हे मी माझ्या हातानं लिहिलंय. शिक्षण तिसरी. चौथीत गुरुजींचं नि माझं जमलं नाही. मी ह्याला हाकलला असं ते म्हणायचे, मी शाळा सोडली असं मी म्हणतो. शुद्धलेखन संपादकांनी पाहिजे तेवढं सुधारावं, मजकुराला हात लावू नये. पुढं शाळेतच जन्म काढला. निलंग्याकडच्या एका गावातली जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. आसपासच्या लहान शाळांचा कारभार आमच्याकडून चालायचा, म्हणून शिपायाची एक जागा मंजूर होती. त्या जागेवर मी.

शिपाई म्हणजे घंटा देणारा असं लोकांना वाटतं. घंटा कुणीबी देईल. कुलूप काढायचं, वर्ग झाडायचे, रांजण भरायचा, कोळसा नि पाला वाटून फळा काळा करायचा, टपाल तालुक्याला न्यायचं, हे झालं हातापायाचं काम. खरं काम वेगळंच. जे पोर शाळेत दिसंना झालं त्याच्या घरी जाऊन बसायचं. बसायचं म्हणजे बसायचंच. “चहा घ्या मामा” म्हणाले की म्हणायचं, पोरगं पाठवा, मग घेतो. नवीन आलेल्या मास्तराला खोली बघून द्यायची. बाई असल्या तर बऱ्या घरची सोबत बघून द्यायची, दूधवाला लावून द्यायचा. मास्तर गावात रमला तर वर्ग टिकतो, नाही तर तो दर शनिवारी बदलीचा अर्ज लिहीत बसतो. शिकवायचं त्यांनी. त्यांना शिकवता येईल असं करून ठेवायचं मी. गावात मला बापही मामाच म्हणायचा आणि त्याची पोरंही मामाच म्हणायची.

भूकंपात किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. आमच्याकडं तेवढं झालं नाही, पण दगडमातीच्या भिंती नि वर मातीचं माळवद अशी घरं, बरीच बसली. माणसंही गेली. जुनी शाळा पडली तेव्हा आत कुणी नव्हतं, एवढंच बरं. मग शाळा चिंचेखाली भरायला लागली. फळा बुंध्याला टेकवायचा, वारा आला की मी धरून उभा राहायचो. त्याच दिवसांत नांदेडच्या सोनकांबळे बाई आमच्याकडं नवीन लागल्या. पहिली नोकरी, पहिलीचा वर्ग. नांदेड सोडून इकडं आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “मामा, शाळा कुठाय?” मी म्हटलं, “तुम्ही उभ्या हाव ती.”

पुढं कुठल्या तरी लांबच्या लोकांनी देणगी दिली आणि नवी इमारत झाली. सिमेंटची, लोखंड घातलेली, हिरव्या रंगाची लोखंडी दारं. पुढारी आले, नारळ फुटला, फीत कापली. दुसऱ्या दिवशी घंटा दिली तर सगळी पोरं चिंचेखाली जाऊन बसली. आत एकबी येईना.

साहेब आले, इंजिनियर आले. सगळ्यांनी पोरांना छत दाखवलं. ह्यात एवढे गज घातलेत, असा कितीही हादरा बसला तरी पडत नाही. पोरं छताकडं बघायची, मान हलवायची आणि चिंचेखाली जायची.

मला वाटलं, हे लोक नुसतं बोलून राहिले, करून कुणी दाखवत नाही. म्हणून एक दिवस मी शिडी लावून छतावर चढलो. बाईंनी गूळ-शेंगदाण्याची लालूच दाखवून चार-दोन पोरं कशी तरी आत नेली होती. मला काय ठाऊक! मी वरून दणादण उड्या मारल्या आणि ओरडलो, “बगा रे! हलतंय का? हलतंय का?”

खाली जो आरडाओरडा झाला तो काय सांगू. आतली पोरं बाहेर, बाहेरची पोरं रस्त्याला. एक तर चिंचेवर जाऊन बसलं, ते शाळा सुटेपर्यंत उतरलं नाही. बाई अंगणात उभ्या.

“मामा, खाली या.”

“बाई, छत एकदम मजबूत हाय.”

“छत हाय हो मजबूत. पोरं कुठंत?”

असं म्हटल्या आणि खाली बसून हसायलाच लागल्या. गावात आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. शिडी उतरताना मला तेवढं तरी बरं वाटलं.

थंडी सुरू झाली. चिंचेखाली वारा लागायला लागला, तसं एकेक पोर भिंतीच्या आडोशाला, मग दारात, मग आत सरकलं. संक्रांतीपर्यंत वर्ग आत बसला. राहिली एकटी कौशी.

कौशी म्हणजे कौशल्या, व्यंकटची पोरगी. व्यंकट गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. भूकंपाच्या वेळी तो शेतावर राखणीला होता, म्हणून वाचला. कौशीची आई गेली. ही पोरगी वर्गाबाहेरच्या पायरीवर पाटी घेऊन बसायची. वर्गाकडं तोंड, पाय अंगणात, पळायच्या तयारीत. बाई तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं शिकवायच्या, त्यांचा घसा बसायचा. आणि पोरगी अशी तल्लख की आतलं पोर चुकलं की पायरीवरून उत्तर यायचं. ते पोर चिडून म्हणायचं, “तू आत येऊन सांग की मग!” ती पाटीत डोकं घालायची.

घरी तिची आत्या होती, आत्याचं तान्हं पोर होतं. आत्या व्यंकटच्या मागं लागली, “बाहीरच बसायची तर घरी बसल, लेकरू तरी सांभाळल.” व्यंकट माझ्याकडं आला. म्हणाला, “मामा, पायरीवर बसून कुठं शाळा होती का? पाऊस लागला की काय करायचं? मी तिला काढतो.”

मी म्हटलं, “पाऊस लागू दे, मग बघू.”

“तुमी तर काय, हटवादीच.”

“हाव,” मी म्हटलं.

बोललो खरं, पण तिला आत कसं आणायचं ते मला उमगत नव्हतं. उड्या मारून झाल्या होत्या.

एक दिवस दुपारी वावटळ उठली. वर्गाचं दार धाडकन लागलं. बाई नि पोरं आत, कौशी बाहेर. मी रांजणापाशी होतो. बघतो तर कौशी पळून जायच्या ऐवजी दारावर दोन्ही हातांनी बडवून राहिली आणि किंचाळून राहिली, “बाई आत हायेत! बाई आत हायेत!” बाईंनी आतून दार ओढलं, बाहेर आल्या, तिला कवेत घेऊन तिथंच धुळीत बसल्या. वर्ग तसाच सोडला. मी आतल्या पोरांना पाढे म्हणायला लावलं. मला जेवढे येत होते तेवढे झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावले.

मग कौशी बोलली. तिच्या आईनं तिला झरोक्यातून बाहेर दिलं होतं आणि मग स्वतः दाराकडं गेली होती. दार आत उघडणारं. आत दगड पडलेले. कौशी बाहेरून ऐकत होती. आई दार ओढत होती आणि दार येत नव्हतं.

बाई माझ्याकडं आल्या. डोळे लाल. म्हटल्या, “मामा, आपण सगळे हिला छतच दाखवत बसलो. ही दाराला भ्याली होती.”

“मग दारच काढू,” मी म्हटलं.

“सरकारी हाय ते.”

“शाळाबी सरकारी हाय, मीबी सरकारी हाय. कुठं भांडण हाय?”

त्याच दिवशी हातोडी घेऊन बिजागरीच्या खिळ्या ठोकून काढल्या आणि पहिलीच्या वर्गाचं दार उतरवलं. मग बाकीच्या वर्गांतली पोरं म्हणाली, आमचं पण काढा. सगळीच काढली. वऱ्हांड्यात विटांवर आडवी टाकली, पोरांना बसायला बाकडी झाली.

दुसऱ्या दिवशी कौशी पायरीवर होतीच. दुपारपर्यंत ती उघड्या चौकटीकडं बघत राहिली. मग पाटी पुढं सरकवली आणि पाटीमागं सरकली. चौकटीत बसली, एक पाय आत, एक पाय बाहेर. बाई फळ्याकडं तोंड करून लिहीत राहिल्या, मुद्दाम वळल्या नाहीत. शाळा सुटली तेव्हा दोन्ही पाय आत होते.

आता मोठं संकट आलं ते विस्तार अधिकाऱ्याच्या रूपानं. हे साहेब जीपमधून उतरले, वऱ्हांड्यात येऊन बाकड्यावर बसले, आणि म्हणाले, “दारं कुठंत?”

मी म्हटलं, “साहेब, तुम्ही बसलाव त्यावर.”

साहेब उठले, खाली बघितलं, हिरवा रंग ओळखला. मग जे बोलले ते इथं लिहीत नाही, कारण पुढं ते चांगलं वागले. बाईंनी त्यांना कौशीची सगळी हकीकत सांगितली. साहेब ऐकत राहिले, पाणी प्यायले, पुन्हा त्याच दारावर बसले. शेवटी म्हणाले, “बाई, दारं नसली तर मला इमारत अपुरी दाखवावी लागंल. अपुरी इमारत म्हणजे वर्ग शेजारच्या गावात. दारं बसवा. कशी बसवायची ते मी काही सांगत नाही.”

साहेब गेले. मी डोकं धरून बसलो. दार बसवलं की पोरगी पायरीवर, आणि पायरीवर गेली की तिची आत्या तिला घरी नेणार. तेवढ्यात कौशीच जवळ आली. आडव्या दारावर हात फिरवत म्हणाली, “मामा, हे बाहीर न्हाई का उघडत?”

मी तिच्याकडं बघतच राहिलो. दार बाहेर ढकलायचं! इतकी माणसं येऊन गेली, हे कुणाच्याच तोंडून निघालं नव्हतं, माझ्याही नाही. आमच्याकडं दार म्हणजे आतच उघडायचं, बापजाद्यापासून तसंच.

वेल्डिंगवाल्याला बोलावलं. बिजागऱ्या कापून चौकटीच्या बाहेरच्या अंगाला जोडून घेतल्या. पहिल्या दिवशी मी कौशीला म्हटलं, तू आत जा, दार लाव, मग ढकलून बघ. एकटी जायला तयार नव्हती. बाई बरोबर गेल्या. दार लागलं. आम्ही सगळे दारापुढं. लगेच दार उघडलं, इतक्या जोरात की माझ्या गुडघ्यावर बसलं. कौशीनं डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, “उघडतंय!”

त्या दिवसापासून आमच्या शाळेत रीत पडली. प्रार्थना झाली की एका पोरानं वर्गात जायचं, दार लावायचं, ढकलायचं आणि “उघडतंय!” म्हणून ओरडायचं. मग बाकीच्यांनी आत जायचं. पोरं पाळीसाठी भांडायची. भूकंप न बघितलेली पोरं शाळेत आली तरी रीत चालूच. दुसऱ्या शाळेचे मास्तर विचारायचे, हे काय खूळ? आमचे मास्तर म्हणायचे, मामांना विचारा. मी काही सांगत नसे.

सोनकांबळे बाई चौथीपर्यंत कौशीला शिकवून गेल्या. बदलीचा हुकूम आला हिमायतनगरकडं. ज्या दिवशी गेल्या त्या दिवशी मी टपाल घेऊन तालुक्याला होतो. आलो तर खोलीला कुलूप. त्यांच्या सामानाची पेटी मी उचलून एस्टीत ठेवली पाहिजे होती. ते राहून गेलं, ते अजून लागतं मनाला.

मग लातूरचे दिवस आले. लातूर म्हणजे आमच्यासाठी कडबा बाजार नि कोर्टकचेरी. ते बघता बघता क्लासचं गाव झालं. जिकडं बघावं तिकडं पाट्या, पाट्यांवर पोरांचे फोटो, लग्नातल्यासारखे हार घातलेले. गल्लीगल्लीत खानावळी, खोल्या, सायकलींची रांग. आमच्या गावचे लोक पाचवी झाली की पोरगं लातूरला टाकायला लागले. आमचे वरचे वर्ग ओस पडायला लागले. मी घरोघर जाऊन बसायचो, पण आता लोक चहा पाजून वाटेला लावायचे. “मामा, जमाना बदलला.” मी म्हणायचो, “जमाना बदलला, पोरं तीच हायेत.”

कौशी मात्र सातवीपर्यंत आमच्याकडंच होती. पुढं निलंग्याला दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. व्यंकटनं जिद्दीनं तिला लातूरला अकरावी सायन्सला घातलं, खोलीवर ठेवलं, क्लास लावला. आणि श्रावणात तोच व्यंकट माझ्या दारात उभा.

“मामा, पोरगी क्लासात बसंना.”

“म्हणजे?”

“जिन्यात उभी राहून लिवून घ्यायली. आतलं स्पीकरच्या पोंग्यावरून ऐकू येतं तेवढं. सर म्हणले, आत बसत न्हाई तर घरी न्या. आत्यानं तर एक स्थळबी बघून ठेवलंय.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पोळ्यापर्यंत बगतो. बसली तर बसली, न्हाई तर घरी आणतो.”

मी रजा टाकली आणि लातूर गाठलं.

क्लास दुकानांच्या वर होता. दोन-तीन गाळे पाडून एक लांब हॉल केलेला, खिडक्यांत कूलर बसवलेले, आणि सगळ्या हॉलला लोखंडी दार एकच. आत उघडणारं. शिवाय उशिरा येणाऱ्या पोरांना शिस्त लागावी म्हणून वॉचमन बाहेरून कडी घालायचा. ते बघितलं आणि मी समजलो.

कौशी जिन्यात होती. अंगानं मोठी झालेली, वेणी घातलेली. मला बघून हसली, मग तोंड फिरवलं.

“कामून आलाव मामा?”

“दार बघाया.”

“हे दार तुमाला काढता येणार न्हाई.”

“न्हाई. पर रीत तर करता येती. तू आत जा, दार लाव, मग ओढून बघ, नि सांग की उघड—”

“मामा!” तिचा चेहरा लाल झाला. “इथं शहरातल्या पोरी हायेत. मी काय पहिलीत हाय का? हसत्याल मला.”

माझी हौस तिथंच जिरली. सरांना भेटलो. सर घाईतले, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “मामा, दार उघडं ठेवलं तर रस्त्याचा कालवा आत येतो. एका पोरीसाठी सगळ्यांचं नुकसान कसं करू?” त्यांचंही खरं होतं.

मग मी वॉचमनकडं वळलो. उदगीरचा मैनूभाई, मोठ्या मिशांचा. आमची जात एकच, घंटा नि कुलूपवाल्यांची. त्याच्या स्टुलाशेजारी पायरीवर बसलो.

“मैनूभाई, ही कडी कशाला?”

“मेरेकु क्या मालूम मामा? साब बोले बंद, तो बंद.”

“साहेब बंद म्हणले का कडी घाल म्हणले?”

मैनूभाईनं मिशीवर बोट फिरवलं. “बंद बोले.”

“मग कडी घालू नका. स्टूल दाराला लावून बसा नि पाय आडवा टाका. बंद ते बंदच.”

“और कोई बाहर निकलना बोले तो?”

“पाय काढायचा.”

तो लई वेळ हसला. म्हणाला, “तुम तो साब लोगों को भी खरीद लेंगे मामा.” पण त्यानं कडी घालायचं बंद केलं. मी कौशीला एवढंच सांगितलं, “दाराला कडी न्हाई. मैनूभाईचा पाय हाय. तो म्हातारा पाय हाय, दार ओढलं की सरकतो.” तिनं वही उघडली.

त्यानंतर मी रजा वाढवून रोज मैनूभाईजवळ बसायला लागलो. कौशी वरच्या पायरीवर उभी राहून लिहायची. मी बोललो नाही, समजावलं नाही. बोलून माणूस चौकट ओलांडत नाही, हे मला बाईंनी फळ्याकडं तोंड करून शिकवलं होतं. पोळा जवळ आला. बाजारात घुंगरमाळा, गोंडे आले. व्यंकट कधी येऊन उभा राहील ह्याची धास्ती मलाही होती आणि तिलाही.

कौशी डॉक्टर झाली नाही, हे सांगून टाकतो. थोडक्यात हुकलं. बी.एस्सी. केलं, पुढचं शिक्षण केलं, आणि आता देगलूरकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वर्गात तेलुगू बोलणारी पोरं, कानडी बोलणारी पोरं. गावातले लोक मला खोचून विचारतात, “मामा, मास्तरणीच व्हायचं होतं तर लातूर कशाला केलं?” त्यांना मी खांदेमळणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट सांगतो, तीच इथंही सांगतो.

त्या दिवशी सकाळी क्लासची पोरं आत गेली. कौशी नेहमीसारखी जिन्यात. मैनूभाई दार लावायला उठला तशी ती एकदम पुढं झाली आणि त्याच्या हाताखालून आत शिरली. मैनूभाईनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यानंच म्हटलं, लावा. त्यानं दार ओढून घेतलं, स्टूल लावलं, पाय आडवा टाकला. मी जिन्याचा कठडा धरून उभा. आत पोंग्यावर सर बोलत होते, त्यातलं मला काही कळत नव्हतं. मैनूभाईचाही श्वास मला ऐकू येत होता.

दार आतून हललं. मैनूभाईनं झटक्यानं पाय काढला, स्टूल आडवं पडलं. दार आत ओढलं गेलं, हातभर. फटीतून कौशीचं तोंड दिसलं. घामानं भिजलेलं होतं. मागं बाकांवरून पोरी वळून बघत होत्या. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

“उघडतंय, मामा,” ती म्हणाली.

मग तिनंच ते आतून लावून घेतलं.